वारसा, बोजासकट

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्या संध्याकाळी फोन नुसता वाजत होता. ऑफिसचा ग्रुप, कॉलेजचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, आणि ज्या फॅमिली ग्रुपवर एरवी फक्त गुलाबाची फुलं आणि सुप्रभात पडतं तोसुद्धा... सगळीकडे एकच जल्लोष. मग जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले (अकरा आपल्याकडचे, बारावा तमिळनाडूतला जिंजी) जागतिक वारसा यादीत गेले. पुन्हा तेच. फेटे, तुताऱ्या आणि 'गर्व आहे'.

आनंद व्हायलाच हवा. मलाही झाला, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पण या सगळ्यात 'वारसा' हा शब्द इतक्या वेळा कानावर पडला की डोक्यात एक किडा शिरला तो शिरलाच. आज शनिवार आहे, म्हटलं लिहून मोकळं व्हावं.

गंमत बघा. ऑफिसात कोणी 'हे लेगसी आहे' असं म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. लेगसी म्हणजे कोणीतरी पंधरा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला, एका ठिकाणी हात लावला की भलतीकडेच फुटणारा कोड. तो गळ्यात पडला की आपण मॅनेजरच्या नावानं बोटं मोडतो. आणि तेच संध्याकाळी बाहेर पडल्यावर कोणी 'वारसा' म्हटलं की छाती फुगते. अरे, शब्द एकच आहे की! मला विचाराल तर ऑफिसातला अर्थ जास्त प्रामाणिक आहे. तिथे आपल्याला माहीत असतं की जे चालतंय ते आपल्याकडे आलं, तसे त्यातले बगसुद्धा पहिल्या दिवसापासून आपलेच झाले. 'मी नव्हतो लिहिला' हे उत्तर क्लायंटला देता येत नाही.

गावाकडे ज्यांची थोडीफार जमीन आहे त्यांना हे अजून चांगलं कळेल. आजोबा गेले की तलाठ्याकडे जाऊन वारसनोंद करायची. सातबाऱ्यावर आपलं नाव चढतं. आणि त्याच कागदावर 'इतर अधिकार' नावाचा एक रकाना असतो, त्यात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा लिहिलेला असतो. तोही निमूटपणे आपल्याकडे येतो. 'जमीन माझी, बोजा आजोबांचा' असं म्हणायची सोय नाही.

तर सांस्कृतिक वारसा माणसाला समाजाच्या कामाला लावतो का? माझं मत असं, की लावतो, पण बोजाचा रकाना वाचणाऱ्यालाच. जो फक्त नाव चढवून घरी येतो त्याला तो मिरवायला लावतो. (मिरवणंही वाईट नाही. पण ते वेगळं काम आहे.)

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. पंढरीची वारी.

आम्हा आयटीवाल्यांना वारीचं जबरदस्त आकर्षण. गेली बरीच वर्षं पुण्यात आयटीवाल्यांची दिंडी निघते. आळंदी ते पुणे, आणि पायात दम असला तर पुढे दिवेघाट चढून सासवड. हे आकर्षण नुसतं भक्तीचं नाही. वारी हे एक अफाट चालणारं यंत्र आहे आणि यंत्र दिसलं की इंजिनिअर थांबून बघतोच. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, जवळजवळ तीन आठवडे, लाखो माणसं. प्रत्येक दिंडीला नंबर आहे, तो रथाच्या पुढचा की मागचा हे ठरलेलं आहे. वीणा कोणाच्या गळ्यात, पाण्याचा टँकर कुठे, तंबू कुठे, स्वयंपाकाचा ट्रक किती वाजता पुढे जाणार... सगळं ठरलेलं. आळंदीच्या पालखीला ही शिस्त लावली ती एकोणिसाव्या शतकात आरफळच्या हैबतबाबांनी. हा माणूस आधी शिंद्यांच्या पदरी सरदार होता, म्हणजे फौज हलवायचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. तो त्यानं देवाच्या कामी लावला.

त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे संध्याकाळची समाज आरती. दिवसभर चालून पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या उभ्या राहतात, टाळमृदंगांचा कल्लोळ चालू असतो. मग चोपदार हातातला दंड उंच करतो आणि हजारोंचा तळ एका क्षणात गप्प होतो. पण एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. कारण त्यांची तक्रार आहे! कोणाचा टँकर आला नाही, कोणी चालण्याचा क्रम मोडला. चोपदार तिथपर्यंत जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, मग ते टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं, आणि त्यानंतर आरती. देव खोळंबतो, तक्रार खोळंबत नाही. आपल्याकडे तक्रारींची इतकी सॉफ्टवेअर झाली, पण 'ज्याचं ऐकलं गेलं नाही त्यानं आवाज चालू ठेवावा आणि बाकी सगळ्यांनी तोवर गप्प उभं राहावं' इतका साधा नियम मी दुसरीकडे पाहिला नाही.

ही झाली जमीन. आता बोजा बघू.

पंढरपूरच्या देवळात महाद्वाराशी नामदेव पायरी आहे. तिच्यासमोर, देवळाच्या बाहेर, चोखामेळ्याची समाधी आहे. चोखोबा चौदाव्या शतकातले. मंगळवेढ्याला गावकुस बांधताना ते अंगावर कोसळून गेले असं परंपरा सांगते. जातीनं महार, म्हणून आयुष्यभर देवळाच्या बाहेर. त्यांचे अभंग आत गायले गेले, त्यांचे लोक मात्र पुढे सहा शतकं त्या पायरीच्या आत आले नाहीत. ज्या परंपरेत ब्राह्मण आणि कुणबी एकमेकांच्या पाया पडतात, त्याच परंपरेच्या दारात हे चालू होतं. हा पहिला बोजा.

दुसरा बोजा जरा कमी पवित्र भाषेत सांगावा लागेल. लाखो माणसं एका गावात चार दिवस राहणार, तर सकाळी ती जाणार कुठे? वर्षानुवर्षं उत्तर एकच होतं, चंद्रभागेचं वाळवंट. आणि वारी परतल्यावर ते साफ कोण करणार? याचंही उत्तर वर्षानुवर्षं एकच होतं. ते कुठल्या जातीचं होतं हे सांगायची गरज नाही.

आता या दोन रकान्यांसमोर एक माणूस आणून उभा करतो. गाडगेबाबा.

नाव सगळ्यांना माहीत आहे. २००० साली राज्य सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण शाळेच्या पुस्तकातल्या चित्रानं (झाडू, डोक्यावर गाडगं, चिंध्यांचा अंगरखा) एक घोटाळा केलाय. 'स्वच्छता आवडणारे एक प्रेमळ आजोबा' एवढंच डोक्यात उरतं. प्रत्यक्षात तो माणूस भयंकर धारदार होता.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, परिटाचं घर. वडील दारूपायी लवकर गेले. पोरगं आईबरोबर मामाकडे दापुऱ्याला वाढलं, गुरं राखली, शेतात राबलं. मामाची जमीन सावकारानं कर्जात गिळली. अक्षरओळख नाही. १९०५ साली, तिशीच्या आत, घर सोडलं आणि पुढची पन्नास वर्षं हा माणूस महाराष्ट्रभर फिरत राहिला. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वाटेतच गेला.

या माणसाकडे भांडवल काय होतं? शिक्षण नाही, पैसा नाही, जात खालची, पक्ष नाही. होता तो फक्त वारसा. भजन, कीर्तन, वारी आणि संतांची नावं. हेच भांडवल त्या काळी महाराष्ट्रात हजारो लोकांकडे होतं. बहुतेकांनी त्यावर देवदर्शन आणि दक्षिणा मिळवली. बाबांनी त्यातून काय काढलं ते बघण्यासारखं आहे.

एखाद्या गावात शिरले की आधी झाडू. सकाळपासून रस्ते, उकिरडे, गटारं. बघायला लोक जमायचे, काही जण लाजून हातात खराटा घ्यायचे. संध्याकाळी कीर्तन. आणि कीर्तन म्हणजे एका माणसानं दोन तास बोलायचं आणि बाकीच्यांनी डुलक्या काढायच्या असं नाही. बाबा प्रश्न विचारायचे आणि समोरच्या गर्दीकडून उत्तर वदवून घ्यायचे. तेही वऱ्हाडी बोलीत. कर्ज काढून तीर्थयात्रा करावी का? देवाला बोकड कापावा का? माणसाला शिवल्यानं माणूस बाटतो का? सत्यनारायणाच्या पूजेनं बुडालेलं जहाज वर येत असेल, तर लढाईत बुडालेली जहाजं या पूजेनं वर का काढत नाहीत, असा त्यांचा एक गाजलेला सवाल होता. लोक हसायचे आणि हसता हसता गप्प व्हायचे. प्रत्येक उत्तर लोकांच्याच तोंडून आल्यामुळे घरी जाऊन 'बाबा असं म्हणाले' म्हणायची पंचाईत. आपणच म्हणालो होतो ना!

हेच भाषण एखाद्या सुधारकानं त्या काळी चावडीवर केलं असतं तर? पहिल्या पाच मिनिटांत लोक उठून गेले असते, किंवा त्याला उठवून लावलं असतं. कीर्तनाला मात्र माणूस स्वतःहून येतो, बायकापोरांना घेऊन येतो, जमिनीवर बसतो, आणि समोरच्याला बोलायचा अधिकार आहे हे आधीच मान्य करून बसतो. शेकडो वर्षांत तयार झालेलं ते व्यासपीठ बाबांना आयतं मिळालं होतं. त्यांनी ते वापरलं, आणि ज्यासाठी ते वापरायचा प्रघात होता त्याच्या बरोबर उलट दिशेनं वापरलं. त्याच अमरावती जिल्ह्यात गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराज हेच खंजिरी घेऊन करत होते. हा योगायोग नव्हे. लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजापर्यंत पोचायचा दुसरा रस्ताच नव्हता.

बरं, वारीबद्दल बोलत होतो. बाबा पंढरपूरला जायचे, पण विठ्ठलाच्या रांगेत नाही. ते वाळवंटात असायचे, झाडू घेऊन. वर सांगितलेला दुसरा बोजा, तो. आणि पहिला? त्यासाठी त्यांनी पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली, कारण वारीला आलेल्या या माणसांना गावात कोणी पाठ टेकू देत नव्हतं. तिला नाव दिलं चोखामेळ्याचं. नाशिक, आळंदी, देहू, मुंबई... जिथे गरीब माणूस नाइलाजानं उघड्यावर झोपतो तिथे तिथे धर्मशाळा, अन्नछत्रं. पैसा सगळा लोकांचा, कीर्तनातून उभा राहिलेला. स्वतःला त्यात एक खोली ठेवली नाही, नातेवाइकांचा हक्क राहणार नाही याची कागदोपत्री तजवीज केली, आणि कोणाला शिष्य करून घेतलं नाही. पाया पडायला वाकणाऱ्यावर तर ते सरळ काठी उगारायचे.

आजही त्यांच्या मिशनच्या दादरच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचारांसाठी गावोगावहून आलेले रुग्ण आणि त्यांची माणसं राहतात. मुंबईत हॉटेलच्या एका रात्रीचं भाडं काय आहे ते आपल्याला माहीत आहे. म्हणजे शिक्षण नसलेल्या एका माणसानं उभी केलेली व्यवस्था त्याच्यामागे सत्तर वर्षं चालू आहे. आपण लिहिलेला कोड सात वर्षं टिकला तरी पार्टी द्यावी अशी परिस्थिती!

चोखोबाच्या पायरीचा बोजा मात्र धर्मशाळेनं फिटणारा नव्हता. ते काम साने गुरुजींनी अंगावर घेतलं. विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी आधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. कुठे बसले? तनपुरे महाराजांच्या मठात. म्हणजे वारकऱ्यांच्याच एका मठात. दहा-अकरा दिवसांनी देऊळवाल्यांनी मान्य केलं आणि त्याच वर्षी ते दार उघडलं. बघा, परंपरेचा हवाला देऊन दार बंद ठेवणारेही परंपरेचेच वारस होते आणि तीच परंपरा दाखवून दार उघडायला लावणारेही. दोघांच्या हातात एकच सातबारा. एक बाजू मालकीचा रकाना वाचत होती, दुसरी बोजाचा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणा होईल. १९४९ मध्ये गाडगेबाबांनी ती चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. दोघांना एकमेकांबद्दल आदर होता. पण बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात तो अख्खा सातबाराच नाकारला आणि बौद्ध धम्म स्वीकारला. बरोबरच केलं. बोजा फेडणं हे ज्यांनी जमीन खाल्ली त्यांचं काम आहे. ज्यांच्या पाठीवर तो लादला गेला होता त्यांनी 'वारसा आहे' म्हणून फेडणाऱ्यांची वाट बघत बसावं, असं सांगायचा अधिकार कोणालाच नाही. म्हणून 'आपला वारसा' म्हणताना त्या 'आपला' मध्ये कोण कोण आहे हे एकदा मोजून घेतलेलं बरं.

आता तुमच्यातला कोणीतरी नक्की म्हणेल, की हे सगळं ठीक आहे, पण समाजाचं काम करायला वारसा हवाच कशाला? माणुसकी पुरत नाही का? एखादी डॉक्टरीण मेळघाटात जाऊन राहते ती काय अभंग पाठ आहेत म्हणून?

आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. चांगलं काम करायला वारसा लागतच नाही. उलट वारशाच्या नावानं माणसं एकमेकांची डोकी फोडतात हे आपण दर थोड्या दिवसांनी बघतो. तरी मला वाटतं वारसा तीन गोष्टी देतो ज्या नुसती माणुसकी देत नाही. एक म्हणजे रीत. कामाला सुरुवात कशी करायची हे शून्यातून शोधावं लागत नाही, कीर्तन, दिंडी, सदावर्त अशी घडवलेली अवजारं हातात असतात. दुसरं म्हणजे माणसं. तुम्ही कोण, कुठले, कशाला आलात, हे न विचारता ऐकून घेणारी माणसं. आणि तिसरं म्हणजे दम. नुसत्या उत्साहावर माणूस सहा महिने काम करतो. पन्नास वर्षं चालायचं तर 'हे काम माझ्या आधी चालू होतं आणि माझ्यानंतरही चालू राहणार आहे' ही भावना लागते. मी संपवणार नाहीये, मी फक्त माझ्या वाट्याचं अंतर चालणार आहे. वारी हेच तर शिकवते. पालखी आळंदीहून निघते तेव्हा कोणी विचारत नाही की या वर्षी पंढरपूर कायमचं गाठून होईल का!

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा त्यांच्यापाशी यातलं बरंच काही होतं. शिळ्या भाकरीच्या तुकड्यावर राहणाऱ्या गाडगेबाबांनी कीर्तनातून त्यांना साथ दिली. भांडी विका पण पोरं शिकवा, हे ते कीर्तनात घसा फोडून सांगायचे. १९५४ साली रयतनं कराडला कॉलेज काढलं त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराजांचं. एका निरक्षर माणसाच्या नावाचं कॉलेज. आपल्यातल्या कित्येकांचे आजोबा किंवा वडील रयतच्या शाळेत शिकले म्हणून आज आपण एसीत बसून कोड लिहितोय. म्हणजे त्या कामाचे लाभार्थी आपणच आहोत. नुसतं कौतुक करून सुटका नाही.

असो. आता आजचं बोलू, कारण तो दुसरा बोजा अजून सातबाऱ्यावर आहे.

माणसाची विष्ठा माणसाच्या हातानं साफ करून घेण्यावर देशात १९९३ साली कायद्यानं बंदी आली. २०१३ साली अजून कडक कायदा झाला. तरीही २०१४ मध्ये पंढरपूरच्या वारीनंतरच्या सफाईचा विषय जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात न्यावा लागला. न्यायालयानं कान उपटले, मग हालचाल झाली. पंढरपुरात ६५ एकरांवर वारकऱ्यांच्या मुक्कामाची सोय झाली, २०१५ पासून 'निर्मल वारी'त पालखी मार्गावरच्या मुक्कामांना फिरती शौचालयं आणि ती वापरायला सांगणारे स्वयंसेवक उभे राहिले. फरक पडला आहे, तो मान्य करायला हवा. म्हणजे हा बोजा फिटत नाही असं नाही. कोणीतरी रकाना वाचायला लागतो एवढंच.

आणि आपल्या दारात? २०१३ चा कायदा सांगतो की सेप्टिक टाकीत किंवा गटारात माणूस सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवून साफ करून घेणं कोणालाही, म्हणजे अगदी कोणालाही, मना आहे. त्यात महापालिका आली, ठेकेदार आला, आणि आपली हाउसिंग सोसायटीही आली. तरी दर काही महिन्यांनी बातमी येते, टाकीत उतरलेले गुदमरून गेले. त्या सोसायट्यांमध्ये कोण राहतं? पाडव्याच्या शोभायात्रेत फेटा बांधून जाणारे, गणपतीत ढोल वाजवणारे, आषाढीला दिंडीत चालणारे. म्हणजे आपणच. टाकी साफ करायचं काम आपण सर्वसाधारण सभेत सगळ्यात कमी दर देणाऱ्या ठेकेदाराला हात वर करून देतो, आणि तो दर इतका कमी का आहे हे विचारत नाही. विचारलं तर मीटिंग लांबते ना, मॅच असते!

मी काय म्हणतोय ते नीट घ्या. दिंडीत चालू नका असं नाही. चाला, जरूर चाला. पण चालून झाल्यावर त्या वारशातली एक तरी रीत घरी घेऊन या आणि आपल्या जागी चालवून बघा. समाज आरतीचंच घ्या. आपल्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशी, कचरा नेणारे काका, वॉचमन, यांचे टाळ कोणी ऐकतं का? त्यांना पगार किती मिळतो हे कमिटीतल्या किती जणांना माहीत आहे? ठेकेदारानं पीएफ कापला म्हणजे भरला असं नसतं. यूएएन नंबर असला की पासबुकात पैसे जमा होतायत की नाही ते दिसतं. आपल्याला ते फोनवर दोन मिनिटांचं काम आहे, त्यांना ते कोणी दाखवलेलं नसतं. एका शनिवारी खाली टेबल टाकून बसलं तर दहा-पंधरा जणांचं बघून होईल. ज्यांचं भरलेलं नाही त्यांची नावं घेऊन पुढच्या सभेत उभं राहायचं आणि उत्तर मिळेपर्यंत टाळ थांबवायचे नाहीत. टाकी यंत्रानंच साफ होईल, माणूस आत उतरणार नाही, एवढी एक ओळ ठेक्याच्या करारात घालून घ्यायची. दर वाढेल. माणशी महिन्याला किती वाढेल ते काढा आणि आपल्या वीकएंडच्या एका पिझ्झाशेजारी ठेवून बघा.

हे फार लहान आहे असं वाटेल. गाडगेबाबांच्या मानानं आहेच. पण बाबांनीही सुरुवात मिशन काढून केली नव्हती. समोर जो उकिरडा दिसला तो झाडायला घेऊन केली होती, आणि पहिल्या दिवशी ते काम एकट्याचंच होतं.

मराठी अभिजात आहे, किल्ले जागतिक आहेत, वारी अद्भुत आहे. नावं चढली, छान झालं. आता त्याच कागदावरचा शेजारचा रकाना वाचायला घेऊ. सुरुवातीला फक्त आपल्या सोसायटीपुरता.